छोट्या गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं, आणि जाहिरातीतल्या आकड्याशी ते का जुळत नाही

नवी छोटी गाडी घरी येऊन महिना झाला की बहुतेक घरांत एकच विषय निघतो. शोरूममध्ये सांगितलं होतं चोवीस, आणि गाडी देतेय पंधरा. मग कोणी म्हणतं पंपावर मापात मारतात, कोणी म्हणतं गाडीच डिफेक्टिव्ह निघाली. बऱ्याचदा दोन्ही खरं नसतं. छापलेला आकडा एका ठरावीक चाचणीचा असतो आणि तुमची गाडी वेगळ्याच परिस्थितीत धावत असते. गाडीत दोष आहे की नाही हे त्या दोन आकड्यांच्या तुलनेतून कळत नाही. त्यासाठी आधी स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज नीट मोजावं लागतं, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच.

छापलेला आकडा कुठून येतो

पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही संस्था आहे. गाड्यांच्या प्रमाणीकरणाच्या चाचण्या जिथे होतात अशा संस्थांपैकी ही सर्वात परिचित, म्हणून लोक त्या आकड्याला सरसकट ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या नियम ११५ चा उल्लेख असतो, तो याच चाचणीचा.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या वेग-रेषेप्रमाणे ती चालवतो. ही रेषा एकूण ११८० सेकंदांची असते, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. त्यातली पहिली ७८० सेकंदं शहरी भागाची: १९५ सेकंदांचा एकच नमुना चार वेळा, सरासरी वेग ताशी एकोणीस किलोमीटरच्या आसपास. उरलेली ४०० सेकंदं शहराबाहेरच्या रस्त्याची, आणि तिथे कमाल वेग ९०. पेट्रोल मापाने मोजत नाहीत. धुराचे नमुने पिशव्यांत गोळा करून त्यातल्या कार्बनवरून जळलेल्या इंधनाचा हिशोब काढतात.

मोजणी काटेकोर असते, त्यात फसवणूक नाही. पण परिस्थिती पाहा. एसी बंद. हॉलचं तापमान वीस ते तीस अंश. खड्डे, चढ, वारा काही नाही. शहरी भागात ० ते ५० वेग गाठायला चक्क २६ सेकंदं. नळ स्टॉपच्या सिग्नलवरून कोणी इतक्या सावकाश निघालं तर मागचे हॉर्न थांबणार नाहीत. म्हणून हा आकडा दोन गाड्यांची आपसात तुलना करायला उपयोगी धरावा. महिन्याचा पेट्रोलचा खर्च त्यावरून काढू नये.

उदाहरणादाखल काही जाहीर आकडे: मॅन्युअल अल्टो के१० चा २४.३९, २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टचा मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला (क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी) २५.७५, सेलेरिओच्या एका एएमटी प्रकाराचा २६.६८. यात एएमटी मॅन्युअलपेक्षा वरचढ दिसते, कारण रोलरवर ती दर वेळी लवकर वरचा गिअर टाकते. गर्दीत हा फायदा बराचसा विरतो.

ढोबळ अंदाज हवा असेल तर जाहीर आकड्याला गुणा: पुण्या-मुंबईच्या गर्दीत एसी लावून ०.६ ते ०.६५, शहर आणि बाहेर मिळून ०.७ ते ०.७५, मोकळ्या महामार्गावर ताशी ८० च्या आसपास ०.८ ते ०.९. चोवीसची गाडी गर्दीत पंधरा देत असेल तर ती ठणठणीत आहे.

पायरी १: टाकी फुल ते टाकी फुल

गाडीच्या पडद्यावर दिसणारं ॲव्हरेज तूर्तास विसरा. तो आकडा संगणक, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढतो आणि बहुतेक गाड्यांत तो पाच ते दहा टक्के जास्तच दिसतो. बाईकवाले ‘रिझर्व्हला लागली ते परत रिझर्व्हला लागली’ असं मोजतात, तेही गाडीत चालत नाही. इशारा दिवा टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो, तो उतारावर आधी आणि चढावर उशिरा पेटतो, किंवा उलटं.

रीत साधी आहे, पण सगळी पाळायची.

एक पंप ठरवा, शक्यतो सपाट जागेवरचा, आणि दर वेळी त्याच पंपाला, त्याच नोझलला, गाडी त्याच दिशेला तोंड करून लावा. टाकी फुल करायला सांगा आणि पहिल्या ऑटो-कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद होताच, थांबवा. ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ याला ठाम नाही म्हणा. कटनंतर दाबून भरलेलं पेट्रोल दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे हिशोब बिघडतो. शिवाय टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा पेट्रोलने भिजून खराब होतो, ते वेगळंच. आता ट्रिप मीटर शून्य करा.

नेहमीसारखी गाडी चालवा. मध्ये पाचशे-हजाराचं पेट्रोल टाकलं तरी हरकत नाही, फक्त लिटर लिहून ठेवा. टाकी पाव राहिली की त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. ट्रिपचे किलोमीटर भागिले दोन फुलच्या मधले सगळे लिटर, यात शेवटची भरणीही धरा.

समजा ३८६ किलोमीटर झाले आणि २३.१४ लिटर बसलं. ॲव्हरेज १६.६८. ऑटो-कट दर वेळी नेमक्या त्याच पातळीला होत नाही, अर्धा लिटर इकडे-तिकडे होतं. वरच्या हिशोबात अर्ध्या लिटरची चूक धरली तर उत्तर १६.३ ते १७.१ मध्ये राहतं, म्हणजे कामाचं आहे. पण तुम्ही १२० किलोमीटरलाच मोजलंत आणि ७.२ लिटर बसलं, तर त्याच अर्ध्या लिटरने उत्तर १५.६ पासून १७.९ पर्यंत कुठेही असू शकतं. त्या आकड्यावरून गॅरेज गाठण्यात अर्थ नाही. किमान ३५० किलोमीटर आणि सलग तीन टाक्या, याच्या आत कोणताही निष्कर्ष काढू नका. गाडी अगदी नवी असेल तर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हिशोबात धरूच नका.

तीन टाक्यांची बेरीज करताना एक चूक हटकून होते. ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढायचं नाही. शंभर किलोमीटर शहरात १२ ने आणि शंभर महामार्गावर २० ने गेलात तर मन म्हणतं १६. प्रत्यक्षात पेट्रोल लागलं ८.३३ अधिक ५, म्हणजे १३.३३ लिटर, आणि दोनशे किलोमीटरला ते १५ येतं. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार.

वहीत किंवा मोबाइलमध्ये ओळ अशी ठेवा: तारीख, ट्रिपचे किलोमीटर, दोन दशांशांपर्यंत लिटर, गाडीत साधारण किती माणसं, एसी किती, शहर किती आणि बाहेर किती. शेवटच्या तीन नोंदी कंटाळवाण्या वाटतात, पण पुढे शोध घेताना त्याच उपयोगी पडतात.

पायरी २: किलोमीटर आणि लिटर दोन्ही तपासा

द्रुतगती मार्गावर किंवा राष्ट्रीय महामार्गावर दर किलोमीटरला खुणा असतात. एका खुणेजवळून जाताना ट्रिप मीटर वाचा आणि वीस किलोमीटर पुढच्या खुणेशी पुन्हा वाचा. (वाचायचं काम शेजारच्याने करावं.) वीसच्या जागी २०.४ दिसले तर तुमची गाडी दोन टक्के जास्त मोजते, म्हणजे १६.६८ चे खरे १६.३५. शोरूमचे टायर काढून मोठे बसवले असतील तर उलटं होतं: चाक मोठं, फेरे कमी, मीटर कमी किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. त्यात रुंद टायरची घसटही वाढलेली असतेच.

पंपावर शंका असेल तर भांडण्याऐवजी मोजून घ्या. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीलिटरपर्यंतची तूट नियमात बसते. म्हणजे अर्धा टक्का. चोवीसचे पंधरा व्हायला पंपाने दर पाच लिटरला दोन लिटर गायब करावे लागतील, हा हिशोब मनात ठेवला की संशय आपोआप आटोक्यात राहतो. भरायला सुरुवात होण्याआधी मशीनवर शून्य आहे का, एवढं मात्र दर वेळी पाहा.

सीएनजी गाडीचं गणित वेगळं. तिथे ॲव्हरेज किलोला असतं, आणि ‘फुल’ ही गोष्ट पंपाच्या दाबावर आणि हवेच्या उष्णतेवर ठरते. २०० बारला भरलेला ६० लिटरचा सिलिंडर साधारण आठ-नऊ किलो घेतो. दुपारी रांगेनंतर कमी दाबाने भरला तर किलोभर कमी जातो. म्हणून एका भरणीवर काही सांगता येत नाही. सलग पाच-सहा भरण्यांचे किलो आणि किलोमीटर एकत्र करा. बऱ्याच गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. ते पेट्रोलही वहीत लिहा, नाहीतर सीएनजी उगाच स्वस्त दिसेल.

पायरी ३: पेट्रोल कुठे जातं ते ओळखा

पहिला आणि सर्वात मोठा खाऊ म्हणजे उभी गाडी. लिटरभर क्षमतेचं इंजिन एसी लावून उभं असताना तासाला ढोबळमानाने लिटरभर पेट्रोल पितं. समजा ऑफिस जाऊन-येऊन वीस किलोमीटर आणि त्यात सिग्नल-कोंडी मिळून २५ मिनिटं उभं राहणं. चालती गाडी अठराने जाते असं धरलं तर वीस किलोमीटरला १.११ लिटर, आणि उभं राहण्याचं ०.४ लिटर. एकूण १.५१. ॲव्हरेज १३.२. इंजिन उत्तम, चालवणं उत्तम, तरी तेरा. चाचणीच्या शहरी भागातही गाडी जवळपास तीस टक्के वेळ उभीच असते, पण तिथे एसी नाही. काही गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, ती तिथे पूर्ण कामाला येते. एप्रिलच्या उन्हात आतला गारवा टिकवायला तीच सोय इंजिन बंदच करत नाही, किंवा लगेच सुरू करते.

एसीचा भार छोट्या गाडीला जास्त का जाणवतो, तेही समजून घ्या. कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॉट ओढतो. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसने जायलाही छोट्या गाडीला साधारण तेवढीच ताकद लागते. मोठ्या एसयूव्हीत हा वाटा लहान पडतो, अल्टोत डोळ्यात भरतो. शहरात एसीचे दहा ते वीस टक्के धरून चाला. उन्हात तापलेल्या गाडीत बसलात की आधी मिनिटभर काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा आणि हवा आतल्या आत फिरण्याचं बटण दाबा. साठच्या खाली काचा उघड्या ठेवल्या तर फायदा आहे. ऐंशीच्या वर काचा उघडल्या की वाऱ्याचा अडथळा एसीच्या खर्चाला गाठतो.

छोटे फेरे हा दुसरा शत्रू, आणि याकडे कोणी बघत नाही. थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो. दोन किलोमीटरवर भाजी, परत येऊन तासाभराने क्लास, पुन्हा दोन किलोमीटर: इंजिन तापायच्या आतच फेरा संपतो. अशा गाडीचं ॲव्हरेज दहा-अकरा आलं तर नवल नाही. चाचणीही थंड इंजिनानेच सुरू होते, पण ती पुढे सलग दहा-अकरा किलोमीटर चालते. दोन-तीन कामं एकाच फेरीत उरकणं हा बिनपैशाचा इलाज आहे.

महामार्गावर खेळ वेगाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो सव्वा पट नव्हे, दीडपटीहून जास्त होतो. वॅगन आरसारख्या उंच, उभ्या पुढ्याच्या गाडीला तो अधिकच भोवतो. टपावर सामानाचं कॅरियर असेल तर रिकामं असतानाही ते वारा अडवतं, लागत नसेल तेव्हा काढून ठेवा.

घाटाचा हिशोब आपल्याकडे फार लोकांना चकवतो. खोपोली ते लोणावळा चढताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर जाते. दोन माणसांसह हजार किलोची गाडी तेवढी उचलायला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. म्हणून मुंबई-पुणे जाताना एक ॲव्हरेज आणि पुणे-मुंबई येताना दुसरंच. एकाच दिशेचा आकडा कोणालाही सांगू नका, दोन्हींचा एकत्र काढा. कसारा असो की आंबोली, नियम तोच.

आणि उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. पेट्रोल वाचेल म्हणून करतात, पण गिअरमध्ये पाय काढून उतरताना आताच्या इंजिनांत इंजेक्टर पूर्ण बंद होतात, पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल पितंच. वर सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि लांब घाटात दगा देतात.

वजनाचं थोडक्यात: आठशे किलोच्या गाडीत चार मोठी माणसं आणि डिकीत सामान म्हणजे तीनशे किलोच्या घरात, गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सतत थांबत-निघत चालताना हे जाणवतं.

इथेनॉलबद्दल वाद खूप, म्हणून आकडे बघू. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात त्यामुळे लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के, तर दहा टक्क्यांसाठी रचून वीससाठी जुळवलेल्यांना एक-दोन टक्के घट सांगितली आहे. तुमची घट पंचवीस टक्के असेल तर तिचं मुख्य कारण इथेनॉल नाही, दुसरीकडे शोधा.

पायरी ४: गाडीत खरंच दोष आहे का

पहिली टाकी मोजतानाच हवा तपासून घ्या, सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसताना. तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो आणि पंक्चरवाला ती ‘जास्तीची’ हवा काढून टाकतो. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या, ‘सगळ्या छोट्या गाड्यांना तीस’ हे खरं नाही. पाच-सहा पीएसआय कमी असले तर ॲव्हरेज एखाद-दोन टक्के पडतं. त्यापलीकडे टायर कडेने झिजतो आणि पावसात पकड जाते, म्हणून हवेला महत्त्व द्या. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही.

मग ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक लावत जा, सावकाश थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथे कॅलिपर (ब्रेक आवळणारा भाग) जाम आहे किंवा मागचा हँडब्रेक पूर्ण सुटत नाही. सपाट जागी न्यूट्रलमध्ये एका माणसाच्या धक्क्याने गाडी सहज हलली पाहिजे. पावसाळ्यात आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त आढळतं.

तापमानाचा निळा दिवा पाहा. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतो, थंड इंजिनाला निळा दिवा असतो. तो चार-पाच मिनिटांत विझला नाही, किंवा महामार्गावर पुन्हा पेटला, तर थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन कायम थंड, संगणक कायम जास्त पेट्रोल देणार. सुटा भाग महाग नाही, पण न बदलल्यास रोज पैसे जातात. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला तर पूर्ण तापल्यावर कूलंट (इंजिनातून फिरणारं थंडाव्याचं पाणी) ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान दिसायला हवं.

इंजिन ऑइल कोणतं भरलंय तेही विचारा. अलीकडच्या अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये सवयीने जाड ऑइल ओततात, त्याने इंजिन जड फिरतं. पुस्तिकेत जो ग्रेड आहे तोच. एअर फिल्टर मात्र लोक उगाच बदलत बसतात: इंजेक्शनच्या इंजिनात मळका फिल्टर पिकअप खातो, पेट्रोल फारसं नाही.

शेवटी चालवण्याची सवय. क्लचवर पाय टेकवून ठेवणं, चढावर हाफ क्लचवर गाडी धरणं, तिसऱ्या गिअरमध्ये साठपर्यंत ओढणं. एक टाकी मुद्दाम लवकर गिअर टाकून आणि पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय काढून चालवा, बाकी काही बदलू नका. वहीतले दोन आकडे शेजारी ठेवा. या एका बदलाने शहरात किलोमीटर-दीड किलोमीटरचा फरक पडू शकतो. पंधरावरून साडेसोळा म्हणजे महिन्याला हजार किलोमीटरमागे सहा लिटर. तीच दीडची वाढ बावीसवरून झाली असती तर तीनच लिटर वाचले असते. म्हणून कमी ॲव्हरेजच्या गाडीत छोटी सुधारणाही खिशाला जास्त कळते.

हे सगळं करूनही तीन टाक्यांची बेरीज वर दिलेल्या अंदाजाच्या बरीच खाली राहिली, किंवा पूर्वी सोळा देणारी गाडी काही न बदलता तेरावर आली, तर सर्व्हिस सेंटरला जा. ‘ॲव्हरेज देत नाही’ एवढंच सांगितलंत तर एसी बंद करून दहा-वीस किलोमीटरची फेरी मारतील, आकडा चांगला येईल आणि गाडी परत मिळेल. वही सोबत न्या, आधीच्या आणि आताच्या टाक्या दाखवा आणि तीन गोष्टी जॉब कार्डवर लिहून घ्या: स्कॅनरवर गरम इंजिनाचं कूलंट तापमान, ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग, आणि चारही चाकं उचलून हाताने फिरवून ब्रेक मोकळे आहेत का याची तपासणी.